एका अक्षराची दुरुस्ती

फिलिपीन्समधल्या ‘रॅपलर’ या न्यूज वेबसाइटवर मे २०१२ मध्ये एक बातमी आली. तिथल्या सरन्यायाधीशांवर तेव्हा महाभियोग चालू होता. ते वापरत असलेली गाडी एका उद्योगपतीशी संबंधित आहे, असं त्या बातमीत म्हटलं होतं, आणि त्या उद्योगपतीबद्दल गुप्तचर अहवालात काय आहे तेही दिलं होतं. त्यानंतर चार महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, त्या देशात सायबर गुन्ह्यांचा कायदा झाला आणि ऑनलाइन बदनामी हा त्यातला एक गुन्हा ठरला. बातमी आधीची, कायदा नंतरचा. म्हणजे विषय संपला, असं कुणीही म्हणेल. पण फेब्रुवारी २०१४ मध्ये रॅपलरमधल्या कुणीतरी त्या जुन्या बातमीतलं एक स्पेलिंग सुधारलं. ‘इव्हेजन’ या इंग्रजी शब्दात ‘एस’च्या जागी ‘टी’ पडला होता, तो बदलला. बस, एवढंच.

सरकारी पक्षाने म्हटलं, दुरुस्ती म्हणजे पुन्हा प्रकाशन. म्हणजे बातमी २०१४ ची झाली, आणि २०१४ मध्ये कायदा होता. तक्रार २०१७ ची, आणि बदनामीच्या तक्रारीला तिथे साधारण एक वर्षाची मुदत मानली जायची. तर सायबर बदनामीला ती १२ वर्षं आहे, असा अर्थ काढण्यात आला. जून २०२० मध्ये मनिलाच्या कोर्टाने हे सगळं मान्य केलं आणि रॅपलरच्या संपादक मारिया रेसा आणि ती बातमी लिहिणारा पत्रकार या दोघांना दोषी ठरवलं. शिक्षा किमान ६ महिने १ दिवस, कमाल ६ वर्षं. २०२२ मध्ये वरच्या कोर्टाने ती शिक्षा काही महिन्यांनी वाढवली. मधल्या काळात, २०२१ मध्ये, रेसांना शांततेचं नोबेल मिळालं होतं.

रमोना डिआझ यांची ‘अ थाउजंड कट्स’ ही डॉक्युमेंटरी रेसा आणि रॅपलर यांच्याबद्दल आहे. जानेवारी २०२० मध्ये ती सनडान्सला पहिल्यांदा दाखवली गेली आणि नंतर जगभर फिरली. पत्रकारितेवरच्या डॉक्युमेंटरींची यादी करायला बसलात तर ती पहिल्या पाचात येईल, आणि यावीच. मी ती दोनदा बघितली. पहिल्यांदा भारावून गेलो. दुसऱ्यांदा बघताना मात्र वाटत राहिलं की त्या स्पेलिंगच्या दुरुस्तीत जी भीती आहे, ती या सिनेमाला नीट पकडता आलेली नाही. आणि मग वाटलं, हा दोष एकट्या डिआझ यांचा नसावा. सत्ता वर्तमानपत्रांचा गळा कसा आवळते, याची जी गोष्ट आपल्याला ऐकायला आवडते, तिचाच तो दोष असावा.

आधी सिनेमात काय आहे ते सांगतो. रॉड्रिगो दुतेर्ते जून २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. शपथ घेण्याच्या आधीच, पत्रकार आहात म्हणून तुम्हाला कुणी मारणार नाही असं समजू नका, या अर्थाचं ते शिवीसकट बोलून मोकळे झाले होते. मग अमली पदार्थांविरुद्धचं ‘युद्ध’ सुरू झालं. पोलिसांच्या कारवाईत सहा हजारांवर माणसं मेली, हा सरकारी आकडा. मानवाधिकार संघटनांचे आकडे याच्या कितीतरी पुढे जातात. रॅपलर या मृत्यूंच्या मागे लागलं. शिवाय ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी एक मालिका छापली: फेसबुकवर २६ खोटी खाती मिळून सुमारे तीस लाख खात्यांपर्यंत कशी पोचतात, आणि सरकारवर टीका करणाऱ्यांवर ठरवून कशी सोडली जातात. त्यानंतर रेसांना तासाला सरासरी ९० द्वेषाचे मेसेज येऊ लागले. तासाला ९० म्हणजे तुम्ही एक वाचून खाली ठेवेपर्यंत पुढचा आलेला.

या सगळ्याची एक गंमत आहे. रॅपलरचा जन्मच फेसबुकवरचा. २०११ मध्ये एक फेसबुक पेज म्हणून सुरुवात झाली आणि २०१२ मध्ये वेबसाइट आली. बातमी वाचून तुम्हाला काय वाटलं, राग आला की आनंद झाला, हे नोंदवायला त्यांच्या साइटवर एक ‘मूड मीटर’ असायचा. फोनवर वाढणाऱ्या पिढीसाठी फोनवरच बातमी द्यायची, असं ते स्वप्न होतं. आणि त्याच फोनमधून त्यांच्यावर झुंड आली.

सिनेमात पाच-सहा माणसांच्या मागे कॅमेरा आहे. रेसा अर्थातच. पिया रनाडा, राष्ट्राध्यक्षांच्या मलाकान्यांग या निवासस्थानाची बातमीदारी करणारी तरुण रिपोर्टर. तिला २०१८ मध्ये तिथे यायलाच बंदी झाली. पॅट्रिशिया इव्हान्जेलिस्ता, जिने रात्री-अपरात्री रस्त्यावर पडलेल्या प्रेतांच्या बातम्या केल्या. आणि दुसऱ्या बाजूला दोन माणसं, जी माझ्या मते या सिनेमाची खरी कमाई आहेत: मोका उसोन आणि रोनाल्ड देला रोसा.

उसोन ही गाणारी-नाचणारी. फेसबुकवर प्रचंड फॉलोअर्स. दुतेर्तेंनी तिला २०१७ मध्ये सरकारी प्रसिद्धी खात्यात थेट सहायक सचिव केलं. देला रोसा म्हणजे दुतेर्तेंचे पोलीसप्रमुख, ड्रग्जच्या युद्धाचा चेहरा. त्यांना सगळा देश ‘बातो’ म्हणतो, म्हणजे दगड. सिनेमाचं शूटिंग चाललेलं असताना मे २०१९ च्या निवडणुकांचा प्रचार चालू होता आणि बातो सेनेटला उभे होते. ते स्टेजवर जातात, गाणं म्हणतात, विनोद करतात. लोक हसतात. लोक अगदी मनापासून हसतात. हजारो मृत्यूंची जबाबदारी ज्याच्या खात्यावर आहे असा माणूस इतका लाघवी, इतका आपल्या गल्लीतल्या काकांसारखा असू शकतो, हे बघणं हा सिनेमातला सगळ्यात अस्वस्थ करणारा भाग आहे. डिआझ त्याची टर उडवत नाहीत. भीतीदायक संगीतही वाजवत नाहीत. त्याला गाऊ देतात.

ही डिआझ यांची जुनी खुबी. २००३ मध्ये त्यांनी इमेल्डा मार्कोस यांच्यावर डॉक्युमेंटरी केली होती. त्यातही बाईंना मनसोक्त बोलू दिलं, आणि बाई एवढं बोलल्या की नंतर त्यांनाच ती फिलिपीन्समध्ये दाखवू नये म्हणून कोर्टात जावं लागलं. सत्तेतल्या माणसाला टोचून प्रश्न विचारणारे दिग्दर्शक पुष्कळ असतात. कॅमेरा चालू ठेवून त्याला स्वतःच्या प्रेमात पडू देणारे फार थोडे.

त्यामुळे सिनेमा जेव्हा रॅपलरकडे परततो तेव्हा थोडा साधा होतो. रेसा हुशार आहेत, विनोदी आहेत, थकत नाहीत. त्या विमानातून उतरतात, भाषण देतात, पुरस्कार घेतात, पुन्हा विमानात बसतात. अमाल क्लूनी त्यांच्या वकील. फेब्रुवारी २०१९ मध्ये साध्या वेशातले अधिकारी रॅपलरच्या ऑफिसात येतात. जामीन भरायची वेळ टळून गेलेली, म्हणून रेसांना रात्र तपासयंत्रणेच्या कचेरीत काढावी लागते. मार्चमध्ये पुन्हा, विमानतळावर उतरताच, दुसऱ्या खटल्यात अटक. प्रत्येक वेळी त्या बाहेर येतात आणि कॅमेऱ्यांसमोर हसून बोलतात. बघणाऱ्याची छाती भरून येते. माझीही आली.

पण छाती भरून येणं आणि गोष्ट समजणं यात फरक आहे. सिनेमा आपल्याला एक पुरुष आणि एक बाई यांची लढाई दाखवतो: शिवराळ, बंदूकबाज राष्ट्राध्यक्ष आणि पाच फुटी, न घाबरणारी संपादक. ही लढाई खोटी नाही. पण रॅपलर बंद पाडायचा जो प्रयत्न झाला, तो या लढाईच्या भाषेत झालाच नाही. तो कंपनी कायद्याच्या भाषेत झाला. मला खरा रस त्यात आहे, आणि सिनेमा नेमका तिथे घाई करतो.

झालं असं. फिलिपीन्सच्या राज्यघटनेप्रमाणे प्रसारमाध्यमाची मालकी शंभर टक्के फिलिपिनो हवी. रॅपलरने २०१५ मध्ये ‘ओमिदयार नेटवर्क’ या अमेरिकी गुंतवणूकदाराकडून पैसे घेतले. ते शेअर विकून नाही घेतले. तिथे ‘डिपॉझिटरी रिसीट’ नावाचा एक कागद असतो, तो देऊन घेतले. या कागदाने पैशाचा वाटा मिळतो, मालकी मिळत नाही, असं रॅपलरचं म्हणणं. इतर माध्यम कंपन्यांनीही असे कागद काढलेले होते. जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या शेअर बाजार नियामकाने (आपल्याकडचं सेबी आणि कंपनी रजिस्ट्रार एकत्र करा, तसं काहीसं) म्हटलं की या कागदातल्या एका कलमामुळे परदेशी गुंतवणूकदाराला कंपनीवर ताबा मिळतो, म्हणून रॅपलरची नोंदणी रद्द. ओमिदयारने ते कागद रॅपलरच्या फिलिपिनो व्यवस्थापकांना दान करून टाकले. तरी प्रकरण मिटलं नाही. उलट कर खात्याने त्याच कागदांवरून दुसरे खटले भरले: हे कागद विकून तुम्हाला पैसा मिळाला, म्हणजे तुम्ही रोख्यांचे व्यापारी झालात, आणि व्यापारी म्हणून कर भरला नाहीत.

एकाच कागदाचा असा दोनदा उपयोग. एका खात्याच्या मते तो कंपनीवरचा ताबा होता, दुसऱ्या खात्याच्या मते बाजारातला माल. या सगळ्या प्रकरणांत मिळून रेसांवर दोन वर्षांच्या आत दहा अटक वॉरंट निघाली.

आणि शेवट काय झाला? जानेवारी २०२३ मध्ये करविषयक कोर्टाने त्यांना चार आरोपांतून सोडलं, सप्टेंबरमध्ये दुसऱ्या कोर्टाने उरलेल्या एकातून. नोंदणी रद्द करण्याचा निर्णय बरोबर आहे, असं नियामकाने पुन्हा एकदा जाहीर केलं ते दुतेर्तेंची मुदत संपताना, जून २०२२ च्या शेवटी. जुलै २०२४ मध्ये अपील कोर्टाने तो निर्णय रद्द ठरवला. म्हणजे सहा वर्षं आणि सहा महिने एक न्यूजरूम ‘आम्ही उद्या असू की नाही’ या प्रश्नासकट रोज सकाळी उघडत होती. जाहिरातदार अशा कंपनीशी वर्षाचा करार करेल का? तिथे नोकरीला लागलेल्या पंचविशीतल्या मुलीला घरचे काय सांगत असतील? चांगला वकील दर महिन्याला किती पैसे घेतो? हे प्रश्न पडद्यावर दिसत नाहीत, कारण ते दिसायला अवघड आहेत. हिशेबाची वही क्लोजअपमध्ये घेतली तरी ती वहीच दिसणार. अटक मात्र दिसते.

सिनेमाच्या नावात हजार वार आहेत, आणि सिनेमा आपल्याला मोठे पाच-सहा दाखवतो.

मराठी वाचकाला ही गोष्ट तशी ओळखीची वाटायला हवी. १९०८ म्हटलं की आपल्याला टिळकांचा खटला आठवतो. मुंबई हायकोर्ट, नऊ जणांची ज्यूरी, सात विरुद्ध दोन, सहा वर्षं मंडाले. त्या खटल्यावर नाटकं झाली, सिनेमे झाले, आणि व्हायलाच हवेत. त्याच वर्षी शिवराम महादेव परांजपे यांनाही राजद्रोहाबद्दल १९ महिन्यांची शिक्षा झाली. परांजप्यांचं ‘काळ’ हे साप्ताहिक तेव्हाच्या तरुणांमध्ये भयंकर लोकप्रिय होतं. संपादक तुरुंगात गेला म्हणून ‘काळ’ संपला नाही. तो संपला १९१० च्या प्रेस अ‍ॅक्टनंतर, सरकारने जबर जामीन मागितला तेव्हा. जामीन भरा, आणि मग काही आक्षेपार्ह छापलंत तर ती रक्कम जप्त. मंडालेबद्दल आपण शाळेत शिकतो. जामिनाच्या त्या नोटिशीबद्दल कुणी धडा लिहीत नाही. ब्रिटिशांना मात्र दोन्ही हत्यारांचा उपयोग नीट माहीत होता, आणि माझा अंदाज आहे की त्यांना दुसरं जास्त स्वस्त पडत असणार.

हा फरक कळायला फिलिपीन्समध्येच आणखी चांगलं उदाहरण आहे, आणि ते डिआझ यांच्या सिनेमानंतर घडलं. एबीएस-सीबीएन ही तेव्हा तिथली सगळ्यात मोठी टीव्ही कंपनी होती. (रेसा पूर्वी तिच्या वृत्तविभागाच्या प्रमुख होत्या.) सप्टेंबर १९७२ मध्ये फर्डिनांड मार्कोस यांनी मार्शल लॉ लावला तेव्हा सैनिक घुसले आणि तिची केंद्रं ताब्यात घेतली. २०२० मध्ये सैनिकांची गरज पडली नाही. प्रसारणासाठी तिथे संसदेकडून २५ वर्षांचा परवाना घ्यावा लागतो. एबीएस-सीबीएनचा परवाना ४ मे २०२० ला संपला. नूतनीकरणाची विधेयकं संसदेत पडून होती. कुणी ती पुढे ढकलली नाहीत, एवढंच. २०१६ च्या निवडणुकीत आपल्या काही जाहिराती या चॅनेलने दाखवल्या नाहीत, याचा राग दुतेर्तेंनी कधी लपवला नव्हता. ५ मेला चॅनेल बंद. जुलैमध्ये संसदेच्या समितीने ७० विरुद्ध ११ मतांनी परवाना नाकारला. करोनाच्या ऐन साथीत हजारो माणसांच्या नोकऱ्या गेल्या, आणि ऑगस्टअखेर प्रादेशिक बातमीपत्रं बंद झाली.

नोव्हेंबर २०२० मध्ये लागोपाठ वादळं आली आणि कागायान खोऱ्यात मोठा पूर आला. तिथल्या दुर्गम भागांत जे चॅनेल पोचायचं ते आता नव्हतं, आणि यावर तेव्हा फिलिपीन्समध्ये खूप बोललं गेलं. फेसबुक चालू होतं. फीड भरलेलंच होतं. ही गोष्ट फोनवर बातम्या वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी जरा थांबून बघण्यासारखी आहे. न्यूजरूम बंद पडली की फोनवरचा ओघ कमी होत नाही. उलट जागा मोकळी झाली की काहीतरी येऊन ती भरतं. त्यामुळे काय गेलं ते जाणवतच नाही, तुमच्या तालुक्याचं नाव घेणारा निवेदक नेमका हवा असतो तेव्हा तो नसतो, एवढंच होतं.

एबीएस-सीबीएनच्या या गोष्टीत नायिका नाही. अटक नाही, रात्रीची कोठडी नाही. एक तारीख आहे आणि एक मतदान आहे. यावर ‘अ थाउजंड कट्स’सारखा सिनेमा कसा करणार?

करता येतो, असं मला वाटतं, कारण अगदी तसा नाही तरी त्याच्या जवळ जाणारा एक सिनेमा आपल्याकडे झाला आहे. योगायोगाने त्याचाही धागा मनिलाला जातो. सप्टेंबर २०१९ मध्ये, म्हणजे रेसांचे खटले चालू असताना, रवीश कुमार मॅगसेसे पुरस्कार घ्यायला त्याच शहरात गेले होते. विनय शुक्ला यांची ‘व्हाइल वी वॉच्ड’ ही डॉक्युमेंटरी रवीश कुमार आणि एनडीटीव्ही इंडियाबद्दल आहे. २०२२ मध्ये टोरांटोला ती पहिल्यांदा दाखवली गेली आणि तिथे तिला पुरस्कार मिळाला. पुढे तिला पीबडी पुरस्कारही मिळाला. ती इंग्लंड-अमेरिकेतल्या थिएटरांत लागली, भारतातल्या थिएटरांत नाही.

वरवर बघता हाही नायकाचाच सिनेमा. रवीश कुमार एकटे, थकलेले, धमक्यांचे फोन घेणारे. काही ठिकाणी त्यांच्या चेहऱ्यावरचा क्लोजअप इतका लांबतो की मला वैताग आला. दुःखी माणसाकडे एवढा वेळ टक लावून बघितलं की दुःख पातळ होतं. पण शुक्लांना एक गोष्ट सापडली आहे, आणि ती फार मोठी आहे. केक.

या सिनेमात पुन्हा पुन्हा केक कापला जातो. ऑफिसात कुणीतरी नोकरी सोडून चाललंय. सगळे टेबलाभोवती जमतात, टाळ्या होतात, कुणी दोन शब्द बोलतं, केकचे तुकडे वाटले जातात. थोड्या वेळाने पुन्हा केक. पुन्हा दुसरं कुणी. पहिल्या वेळी आपल्याला काही वाटत नाही. ऑफिस आहे, माणसं येतात-जातात. तिसऱ्या-चौथ्या वेळी केक टेबलावर आला की पोटात गोळा येतो. कोणी कुणाला अटक केलेली नाही. जाणारा माणूस भित्रा नाही, गद्दार नाही. त्याला घर आहे, हप्ते आहेत, कदाचित चांगली ऑफर आलीय. तो हसतोय. त्याची खुर्ची रिकामी होते आणि त्याचं काम उरलेल्यांवर येतं. कुणी तरी कॅमेऱ्याचं बघायचं, कुणी तरी ग्राफिक्सचं, माणूसच नाही. टीव्हीवर दिसणाऱ्या बातमीची गुणवत्ता कशी घसरते, याचं इतकं अचूक चित्रण मी दुसरीकडे बघितलेलं नाही.

डिआझ यांच्याकडे अटकेची रात्र आहे. शुक्लांकडे क्रीमचा केक आहे. माझ्या मते खरी बातमी केकमध्ये जास्त आहे.

अर्थात शुक्लांच्या हातूनही कागद निसटलाच. सिनेमात सरकार आहे, झुंड आहे, ओरडणारे अँकर आहेत, पण एनडीटीव्हीचं भवितव्य ज्या दस्तऐवजात होतं, तो नाही. एनडीटीव्हीच्या प्रवर्तकांच्या कंपनीने २००९-१० मध्ये एका दुसऱ्या कंपनीकडून सुमारे ४०० कोटींचं कर्ज घेतलं होतं. त्या करारात एक तरतूद होती, की कर्ज देणाऱ्याला हवं तेव्हा त्या कर्जाच्या बदल्यात प्रवर्तक कंपनीचे जवळपास सगळे शेअर घेता येतील. बारा-तेरा वर्षं हा कागद कपाटात पडून होता. ऑगस्ट २०२२ मध्ये अदानी समूहाने ती कर्ज देणारी कंपनीच विकत घेतली आणि ती तरतूद वापरली. टोरांटोला सिनेमा पहिल्यांदा दाखवला गेला तो पुढच्याच महिन्यात. ३० नोव्हेंबरला रवीश कुमार यांनी राजीनामा दिला.

यातलं काहीही बेकायदा असल्याचं मी म्हणत नाहीये, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. मनिलातला परवाना कायद्याप्रमाणे संपला. दिल्लीतलं कर्ज कराराप्रमाणे शेअरमध्ये बदललं. २०१७ मध्ये एनडीटीव्हीच्या संस्थापकांच्या घरी सीबीआयचे छापे पडले तेही एका रीतसर तक्रारीवरून, आणि २०२४ मध्ये सीबीआयनेच पुरेसा पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद करायचा अहवाल दिला तोही रीतसर. मधली सात वर्षं कुणी मोजायची? ‘प्रेसवर हल्ला’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पोलिसांची जीप येते. आणि जीप आली नाही की आपल्याला वाटतं, बहुतेक ठीक चाललंय.

डिआझ यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगायला हवी. कागद एकटा काही करू शकत नाही, हे त्यांच्या सिनेमाला कळलंय. परवाना नाकारणारे ७० खासदार लोकांनी निवडून दिलेले होते. मे २०१९ मध्ये सेनेटच्या १२ जागांपैकी विरोधी आघाडीला एकही मिळाली नाही. सिनेमात समिरा गुतोक नावाच्या विरोधी उमेदवाराचा प्रचार दिसतो. प्रामाणिक, दमलेला, तुटपुंज्या गर्दीचा. आणि शेजारी बातोंची सभा. दोन सभांमधला तो फरक बघितल्यावर, रॅपलरची नोंदणी रद्द झाली तेव्हा रस्त्यावर लाखो लोक का आले नाहीत, हे वेगळं समजवावं लागत नाही. तासाला ९० शिव्या देणाऱ्यांमध्ये भाडोत्री किती आणि खरोखर चिडलेले किती, हा प्रश्न रेसा नेहमी पहिल्या बाजूने सोडवतात. त्यांचं संशोधनही तेच सांगतं. पण बातोंच्या सभेतलं हसू भाडोत्री नव्हतं. सिनेमा त्या हसण्यापर्यंत जातो, आणि मग रेसांचं पुढचं विमान पकडायला निघतो. तिथे आणखी थांबला असता तर हा मोठा सिनेमा झाला असता. त्या हसणाऱ्या बाईला, त्या टाळ्या वाजवणाऱ्या रिक्षावाल्याला एकदा विचारायला हवं होतं: तुम्ही बातम्या कुठे बघता? रॅपलर बंद झालं तर तुमचं काय बिघडेल?

उत्तर कदाचित ‘काही नाही’ असं आलं असतं, आणि रॅपलरच्या न्यूजरूमलाही ते ऐकायची गरज होती, असं मला वाटतं.

सिनेमानंतर पुष्कळ पाणी वाहून गेलंय. रॅपलर चालू आहे. इव्हान्जेलिस्ता यांनी २०२३ मध्ये त्या रात्रींवर पुस्तक लिहिलं. मार्च २०२५ मध्ये दुतेर्तेंना मनिलाच्या विमानतळावर अटक झाली, ज्या विमानतळावर सहा वर्षांपूर्वी रेसांना झाली होती, आणि त्यांना द हेगच्या आंतरराष्ट्रीय कोर्टाकडे पाठवलं गेलं. एबीएस-सीबीएनला परवाना परत मिळाला नाही. तिच्या मुख्य फ्रीक्वेन्सी २०२२ मध्ये दुसऱ्या उद्योगसमूहाला देण्यात आल्या. आणि दुतेर्तेंच्या अटकेनंतर दोनच महिन्यांनी, मे २०२५ मध्ये, सेनेटच्या निवडणुका झाल्या. २०१९ मध्ये बातो पाचव्या क्रमांकाने निवडून आले होते. या वेळी ते तिसरे आले.